आवाज कुणाचा, नाव कुणाचं

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळानं आरतीच्या आधी एक गाणं लावलं. आवाज लतादीदींचा, शब्द मात्र मंडळाचे. ध्रुपदात मंडळाचं नाव, पुढच्या ओळीत चौकाचं, आणि शेवटच्या कडव्यात महापालिकेला उभं राहायच्या तयारीत असलेल्या एका भाऊंचं. प्रसादाची वाटी हातात तशीच धरून मी थांबलो. दोन ओळी तर पुरता फसलो होतो. तिसऱ्या ओळीत बाईंनी ‘मंडळ’ऐवजी ‘मंडल’ म्हटलं आणि मी भानावर आलो.

दिलीपकुमारांनी एकदा उच्चारावरून टोकलं म्हणून या बाईंनी मौलवी लावून उर्दू शिकून घेतली होती. त्यांच्या तोंडून आपल्याच भाषेतला ‘ळ’ निघेना! मला हसू आलं, मग राग आला. गाणं बनवणारा मुलगा गल्लीतलाच, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मोबाइलवर एआयनं अर्ध्या तासात झालं म्हणाला. मी नाराजी दाखवली तर त्याला खरंच कळेना, की या म्हाताऱ्याचं बिनसलं कुठं.

“त्यात काय झालं ओ काका? किती गोड म्हणायल्यात बघा की. आणि गेलेल्या माणसाला काय त्रास?”

तेव्हा मला उत्तर नीट देता आलं नाही. ढोल सुरू झाले. ते उत्तर आता इथं देतो.

दीदींचा विषय निघाला की आम्हा सोलापूरकरांची मान जरा ताठ होते. त्याला कारण आहे. ९ सप्टेंबर १९३८ रोजी त्या लोकांसमोर पहिल्यांदा गायल्या, ते आमच्या गावात. मास्टर दीनानाथांचा कार्यक्रम होता. त्यांच्या बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीचे वैभवाचे दिवस तोवर सरले होते आणि मास्टर गावोगाव गाण्याचे जलसे करत होते. लेकीनं हट्ट धरला, मीही गाणार. काय गाणार म्हटल्यावर तिनं खंबावती रागाचं नाव घेतलं, वर नाट्यगीतही म्हणेन म्हणाली. नऊ वर्षं पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी होते. पोरगी गायली, टाळ्या घेतल्या, आणि वडील गायला बसल्यावर तिथंच मंचावर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी काढलेला फोटो उतारवयात दीदींनी स्वतःच समाजमाध्यमावर टाकला होता. ६ फेब्रुवारी २०२२ ला त्या गेल्या, तेव्हा सोलापुरातल्या कितीतरी मोबाइलांच्या स्टेटसवर हीच तारीख फिरत होती.

तेव्हा या आवाजावर हक्क सांगायची आपल्याला हौस आहे. असू द्या. पण मग हाच आवाज पुढं स्वतःच्या हक्कासाठी कुठं कुठं भांडला, तेही आपल्याला पाठ पाहिजे. त्या गाण्यांवर आपण इतकं बोलतो, की त्यांच्या भांडणांवर बोलायचं राहूनच जातं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला तो भाग गाण्यांच्या बरोबरीचा आहे.

१९४२ च्या एप्रिलमध्ये वडील गेले तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या, मागं चार भावंडं. मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत तोंडाला रंग लावून मनाविरुद्ध छोट्या भूमिका केल्या. १९४५ मध्ये मुंबईला आल्या. आवाज पातळ आहे म्हणून नकारही ऐकला. मग १९४९ मध्ये ‘महल’ आला आणि त्यातलं ‘आएगा आनेवाला’ देशभर वाजू लागलं. पण त्या ध्वनिमुद्रिकेवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? कामिनी. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव. पडद्यावर ओठ हलवणारी मधुबाला, तिच्या भूमिकेचं नाव तबकडीवर, आणि ज्या गळ्यातून गाणं आलं तो गळा बिननावाचा. लोकांनी रेडिओला पत्रं घातली, ही बाई कोण म्हणून. तेव्हा कुठं नाव बाहेर आलं. रेडिओजवळ कान लावून बसणाऱ्या श्रोत्यांनी हट्टानं विचारलं म्हणून ते झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

नाव छापून येऊ लागल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. १९५७ मध्ये ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर मिळालं. सोहळ्यात ‘रसिक बलमा’ गा, असा जयकिशनचा आग्रह. दीदींनी सरळ नाही सांगितलं. बक्षीस संगीतकाराला आहे, गाणाऱ्याला नाही. तर मग वाद्यांवरच वाजवा, गाणाऱ्याची गरज काय! दोन वर्षांत पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं.

साठच्या दशकात रॉयल्टीचं भांडण झालं. गाणं पुन्हा पुन्हा विकलं जातं, मग गायकाला एकदाच पैसे का, हा त्यांचा सवाल. महंमद रफींचं म्हणणं उलट होतं: ठरलेले पैसे मिळाले, गाणं झालं, व्यवहार संपला. यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं बंद केलं. रफींचा साधेपणा मला आवडतो, कुणाला नाही आवडणार. पण या भांडणात ते चुकले, असं मी बिनदिक्कत म्हणतो. आमच्या गिरण्यांच्या गावात हे जास्त कळतं. मालक देईल तो पगार घ्यायचा आणि मान खाली घालून घरी जायचं, असा चांगला स्वभाव असलेली पुष्कळ माणसं माझ्या वडिलांच्या खात्यात होती. गिरणी बंद पडल्यावर त्यांच्या चांगुलपणाला कुणी विचारलं नाही.

दीदींनी हे सगळं फक्त परोपकारासाठी केलं, असं मी म्हणणार नाही. त्यांचा दबदबा होता, आणि तो काहींना जड गेला हेही खरं. त्याच काळातली सुमन कल्याणपूर यांची गोष्ट बघा. आवाजाची जात इतकी जवळची, की रेडिओवर नाव सांगितलं नाही तर लोक ते गाणं बिनधास्त लताच्या खात्यावर टाकत. लता-रफी एकत्र गात नव्हते तेव्हा रफींबरोबरची कितीतरी द्वंद्वगीतं सुमनताईंच्या वाट्याला आली. आजही लग्नात त्यावर नाचणाऱ्यांना विचारा, बाई कोण? दहातले आठ जण लता म्हणतील. आमच्या घरी यावरून पैजा लागत. मी स्वतः चहाच्या पैजा हरलो आहे. सुमनताईंना पद्मभूषण मिळालं २०२३ मध्ये, म्हणजे वयाच्या शहाऐंशीव्या वर्षाच्या आसपास. नाव न सांगण्याची किंमत कुणीतरी मोजतंच. कधी ती लतानं मोजली, कधी लतासारखा आवाज असलेल्या बाईनं.

आता कायद्याचं. थोडं कंटाळवाणं आहे, पण त्या पोराच्या “काय त्रास?” या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायक नव्हताच. गीतकार होता, संगीतकार होता, ध्वनिमुद्रण करणारा होता. १९७७ मध्ये गाण्यांच्या हक्काचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल निर्मात्यांच्या बाजूनं लागला. पण त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतःचं एक टिपण जोडलं आणि बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं. आपला कायदा कागदावर उतरवलेल्या स्वरांना संरक्षण देतो, पण त्या स्वरांत जीव ओतणाऱ्या गळ्याला देत नाही, आणि हे आपल्या संगीताच्या परंपरेला धरून नाही, असा त्याचा आशय. १९९४ च्या दुरुस्तीनं गायक-वादकांना ‘सादरकर्त्याचा हक्क’ मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीचा वाटा मिळाला, आपलं नाव जाहीर व्हावं असा आग्रह धरण्याचा हक्क मिळाला, गायलेलं मोडतोड करून वापरलं तर हरकत घेण्याचाही मिळाला. पुढच्याच वर्षी गायकांची स्वतःची हक्कसंस्था उभी राहिली. साठच्या दशकातल्या त्या भांडणाला कायद्याचा शिक्का बसायला पन्नास वर्षं लागली.

आणि तो बसतो न बसतो तोच हे एआयचं यंत्र आलं, आणि कायद्याला बगल देऊन पुढं गेलं. कारण कायदा राखतो ते गायलेलं गाणं. यंत्र दीदींचं कुठलंच गाणं उचलत नाही. हजारो गाणी ऐकून ते गळ्याची ठेवण उचलतं आणि त्या ठेवणीत न गायलेलं गाणं गातं. चोरी झाली खरी, पण नेमकं गेलं काय ते पंचनाम्यात लिहिता येत नाही.

जिवंत गायकांना न्यायालयानं हात दिला आहे. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनं मुंबई उच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिले. परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाच्या यंत्री नकला करायच्या नाहीत. गेलेल्यांचं काय? सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये म्हटलं, की व्यक्तिमत्त्वाचे असे हक्क माणसाबरोबरच संपतात. म्हणजे आज आशाताईंसाठी जे दार उघडलं, ते त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी बहुधा बंद. “गेलेल्या माणसाला काय त्रास?” हा प्रश्न त्या पोरानं सहज विचारला, पण कायदाही सध्या जवळजवळ तेच म्हणतो आहे.

मला हे पटत नाही. लिहिणाऱ्याचा कॉपीराइट तो गेल्यावर साठ वर्षं चालतो. मग गाणाऱ्याच्या गळ्याला एक दिवसही का नाही? संसदेनं इथं ठरावीक मुदत घालून द्यावी, वारसांची लेखी परवानगी सक्तीची करावी, यात अवघड काही दिसत नाही.

परवानगी घेऊन हे करता येतं का? येतं. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या एका तमिळ चित्रपटगीतात शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्रानं उभे केले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसं जाहीर सांगितलं. मला ते गाणं ऐकताना जरा कसंसंच झालं, ते सोडा. पण व्यवहार स्वच्छ होता. उलट एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज एका तेलुगू चित्रपटात न विचारता वापरला, म्हणून त्यांच्या मुलाला कायदेशीर नोटीस पाठवावी लागली. मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहतो. आमच्याकडं सकाळी माग सुरू होताना शेजारच्या कारखान्यात बालूंचीच तेलुगू गाणी लागतात. ही बातमी मी तिथल्या विणकराला सांगितली, तर त्यानं माग थांबवला आणि म्हणाला, “पैसं राहू दे सर. विचारायला नको का?”

विणकराला हे पटकन कळलं, त्याचं कारण सांगतो. मी तीस वर्षं चादरीच्या नक्षीचं काम केलं. आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, एकेक घर रंगवायचं. मोराचा पिसारा असेल तर त्यात आठ-दहा दिवस सहज जातात. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करायची आणि जकार्डवर चढवायची. भोक असेल तिथला धागा वर उठतो, नसेल तिथला खाली राहतो. एकदा ती माळ तयार झाली, की माग कुणाचाही असो, मोर तोच उतरतो. नक्षी काढणाऱ्याचं नाव चादरीवर कुठंच नसतं. आयुष्यभर मला त्याचं काही वाटलं नाही, रिवाजच तसा. पण एकदा सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्याच्या एका दुकानात, माझा मोर दिसला. डावीकडच्या पंखात एक घर रंगवायचं माझ्याकडून चुकलं होतं, ती चूकसुद्धा जशीच्या तशी. चादर हलक्या सुताची, गावाबाहेरून आलेली, आणि वर ‘सोलापुरी’ म्हणून चिठ्ठी. दुकानदार मलाच पटवून देऊ लागला, अस्सल आहे म्हणून. मी काही न बोलता घरी आलो आणि जेवलो नाही.

पुढं सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. दुसऱ्यानं आपल्या नावावर माल खपवला की पोटात कसं तुटतं, हे या गावाला शिकवायला नको. म्हणूनच आपल्याच चौकात दीदींच्या नावावर हा माल खपतो तेव्हा मला जास्त लागतं.

आता समोरची बाजू. ऑर्केस्ट्रातल्या बाया वर्षानुवर्षं लताचीच गाणी लताच्याच ढंगात म्हणत आल्या, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. खरं आहे, म्हणूही नये. आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत. दिवसा शिवणकाम, हंगामात लग्नाचे आणि गणपतीतले कार्यक्रम. दीदींची गाणी त्या पट्टी दोन सुरांनी उतरवून घेतात. तार षड्जाच्या अलीकडं क्षणभर थांबून पदर सारखा करतात. ती उसंत श्वासासाठी असते, हे जवळ बसलेल्यालाच कळतं. त्या नक्कल करतात, पण नक्कल करणारी बाई तुमच्यासमोर उभी असते. चुकली तर तिची फजिती, जमलं तर तिच्या टाळ्या. ऐकणारा एका क्षणासाठीही फसत नाही, आणि तिच्या घरी त्या रात्री चार पैसे जातात. ऐंशीच्या दशकात जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या कॅसेटी निघाल्या, तेव्हाही वर गाणारीचं नाव तरी होतं. दीदींना तेही रुचत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. जुन्या गाण्यांची मोडतोड करणाऱ्या रिमिक्सवर त्यांनी २०१८ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली होती. शब्द बदललेले ज्यांना खपत नव्हते, त्यांच्याच गळ्यातून आपण इच्छुक उमेदवाराचं नाव काढून घेतो, आणि वर याला श्रद्धांजली म्हणतो!

दुसरी बाजू अशी मांडतात, की तंत्राला अडवून कुणी अडवलंय का? नाही अडवलं. यंत्रमाग आला तेव्हा हातमागवाल्यांनी हेच ऐकलं. मायक्रोफोन हेसुद्धा तंत्रच, आणि दीदींची सगळी कारकीर्द त्याच्यासमोर घडली. श्वास घेतलेला माइकला कळू नये, तो कुठं आणि कसा घ्यायचा, ही युक्ती त्या अनिल विश्वासांकडून शिकल्या. त्यांनी यंत्र आपल्या गळ्याला जुंपलं. आपण गळाच यंत्राला जुंपतोय, तोही धन्याला न विचारता. माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. पोरांनी यंत्रावर चाली बांधाव्यात, नवे आवाज घडवावेत, मंडळाचं गाणं स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणावं. मला चालेल, कानात बोळे घालीन.

कायदा होईल तेव्हा होईल. गावाच्या हातात असलेलं तेवढं तरी करू. गणपतीच्या आधी मंडळांच्या बैठका होतात. पोलीस ठाण्यात होतात, मध्यवर्ती मंडळाच्या होतात. आवाजाची पातळी, मिरवणुकीचा मार्ग, वेळ, सगळं तिथं ठरतं. आवाज किती मोठा यावर तासभर खल होतो. तो कुणाचा, हे कुणी विचारत नाही. तिथं एक अट वाढवायला कुणाची हरकत असेल असं वाटत नाही: गेलेल्या किंवा हयात गायकाचा यंत्रानं केलेला आवाज परवानगीशिवाय वाजवायचा नाही.

यंदा बैठकीला मी गेलो. अट कुणी मांडली नाही, मीच उठून बोललो. निम्म्या लोकांना वाटलं मी डीजेविरुद्ध बोलतोय. तो इंजिनिअरिंगचा पोरगा मात्र नंतर घरी आला. गेल्या वर्षीचं गाणं यंदा लावणार नाही म्हणाला, आणि शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंचा नंबर मागितला. खजिनदारानं कुरकुर केली, अर्ध्या तासात फुकट होणाऱ्या गोष्टीला पैसे कशाला म्हणून, पण कार्यक्रम ठरला.

आदल्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. दीदींचा मोठा फोटो, पांढरी साडी, खाली ‘लतादीदींच्या अजरामर गीतांची सुरेल मैफल’. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सगळ्यांचे फोटो. ते भाऊ होतेच. गाणाऱ्या बाईंचं नाव कुठं नव्हतं.

मी पोराला फोन लावला. तो आला, फ्लेक्स खालून वर, वरून खाली वाचला, आणि जीभ चावली. “छापून झालंय ओ काका.” मग दुकानातून पिवळा कार्डशीट आणला, जाड स्केचपेननं बाईंचं नाव लिहिलं, आणि शिडी लावून, भाऊंच्या हनुवटीवर थोडी येईल अशी, पट्टी चिकटवली.